तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्यांनी वसवलेल्या आमच्या नॉर्डबी गावात कुणाला कुणाचा अभिमान वाटला, तर तो माणूस घसा खाकरतो आणि हवामानावर बोलायला लागतो. पोरगं राज्यात पहिलं आलं तरी बाप म्हणणार, "वाईट नाही." त्यापुढे एक शब्द बोलला, तर लोक त्याच्या बायकोला हळूच विचारतात, याची तब्येत बरी आहे ना? मी आर्लिस, मीही त्याच मुशीतली. तेव्हा माझ्या सुनेबद्दल जे सांगणार आहे ते सांगताना मला घाम फुटतोय, एवढं ध्यानात ठेवा.

सोल्वे म्हणजे आमच्या एरिकची बायको. एरिक बिटाच्या हंगामात साखर कारखान्याचा ट्रक चालवतो, एरवी बापाबरोबर शेत बघतो. सोल्वे शेजारच्या गावच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. सर्जनच्या हातात कात्र्या, चिमटे द्यायचे, आत काही राहिलं नाही ना ते बघायचं, असं तिचं काम. लग्न होऊन आली तेव्हा मला ती विशेष आवडली नव्हती. बोलायची कमी आणि भांडी माझ्यापेक्षा स्वच्छ घासायची. या दोन्ही गोष्टी एका सासूने एकाच वेळी कशा सहन करायच्या?

पण पोरगी कष्टाळू. नोकरी सांभाळून तिने नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणाला प्रवेश मिळवला. म्हणजे स्वतः रुग्ण तपासणारी, निदान करणारी, औषध लिहून देणारी नर्स. आमच्याकडे एका हिवाळ्यात डॉक्टर पळून जातात, त्यामुळे अशा माणसांना सोन्याचा भाव. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं. मग मात्र शाखा निवडावी लागते, आणि त्या ऑक्टोबरात तिला सोमवारपर्यंत निवड कळवायची होती.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक फॅमिलीची शाखा. म्हणजे दवाखान्यात बसून खोकला, साखर, रक्तदाब, पोरांच्या लसी. दुसरी गंभीर रुग्णांची, म्हणजे इस्पितळात दाखल झालेल्या मोठ्या माणसांची. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर रुग्णाचं सगळं बघणं त्या शाखेत येतं, आणि वर थोडं वेगळं शिक्षण घेतलं की सर्जनच्या समोर उभं राहून टाके घालण्यापर्यंत मजल जाते. सोल्वेचा जीव ऑपरेशन थिएटरमध्ये. तेव्हा यात विचार करण्यासारखं काय होतं, असं तुम्ही म्हणाल. आमच्या गावात राहिला असतात तर म्हणाला नसतात.

एक तर माझी नणंद लव्हॉन. आमच्या चर्चमधल्या गोधड्यांच्या मंडळाची ती मुखत्यार आहे. दुसरीने घातलेले टाके तिला पसंत पडत नाहीत. सगळ्या घरी गेल्या की ती ते गुपचूप उसवते आणि पुन्हा घालते. सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही. तर या लव्हॉनचं म्हणणं असं की सोल्वेने फॅमिलीच घ्यावी.

"आपल्या गावच्या दवाखान्यातली खुर्ची रिकामी पडलीय," ती मला म्हणाली. "माझ्या गुडघ्यासाठी मी किती लांब जाते ठाऊक आहे ना? आणि फॅमिली घेतली की सगळी दारं उघडी असतात म्हणे. पुढे हवं तर जाईल की ऑपरेशनला."

"पेगी गेली का?" मी विचारलं.

लव्हॉन गुडघा चोळायला लागली. पेगी ही सोल्वेच्याच थिएटरमधली नर्स. सगळी दारं उघडी असतात हे ऐकून तिने फॅमिलीची शाखा घेतली, पदवी घेऊन परत आली, आणि इस्पितळाने तिला सांगितलं की बाई, तुझं शिक्षण दवाखान्याचं, वॉर्डातले रुग्ण तुझ्या हाती देता येणार नाहीत, त्यासाठी पुन्हा शिकावं लागेल. आता ती इस्पितळाला लागून असलेल्या दवाखान्यात घशाला औषधं लिहून देते. चांगलं काम आहे, कुणी नाक मुरडू नये. पण जेवणाच्या सुट्टीत ती थिएटरच्या दाराच्या काचेतून आत बघत उभी राहते, हे सोल्वेनेच मला सांगितलं होतं.

तरीही सोल्वे फॅमिलीकडेच झुकली होती. त्या आठवड्यात ती बटाटे सोलत असताना मी तिला सरळ विचारलं. सरळ म्हणजे आमच्या मानाने सरळ.

"काय गं, त्या शाखेचं काही ठरतंय का, असं आपलं विचारते."

"फॅमिली बरी पडेल," ती म्हणाली. "दुसऱ्या शाखेत इस्पितळातले तास कुणाच्या तरी हाताखाली भरावे लागतात. शिकवणारा माणूस आपणच शोधायचा. इथे सर्जन एकच."

"मग त्यांनाच विचार की."

"त्यांनीच विचारलं होतं." तिने बटाटा खाली ठेवला. "वसंतात. हात धुताना म्हणाल्या, तू गंभीर रुग्णांची शाखा घे, तुझे तास माझ्याकडे भर, मला समोर उभं राहायला तू हवीस."

माझा हातच थांबला. "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, छे हो, तुम्हाला कशाला उगीच त्रास."

"बरोबर," मी म्हणाले.

"त्यावर त्या 'ठीक आहे' म्हणाल्या आणि गेल्या. परत विचारलंच नाही."

"एकदासुद्धा नाही?"

"एकदासुद्धा नाही."

आम्ही दोघी बटाट्यांकडे बघत राहिलो. आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर जो हो म्हणतो, तो एक तर उपाशी असतो नाहीतर त्याला आईने काही शिकवलेलं नसतं. दुसऱ्यांदा विचारलं की माणूस चुळबुळ करतो. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतो, बरं, तुमचा आग्रहच असेल तर. ज्याला मनापासून द्यायचं असतं तो तीनदा विचारतो. एकदाच विचारलं म्हणजे ते तोंडदेखलं, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मीसुद्धा तसंच धरून चालले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून मी हवामानावर बोलले.

त्या शनिवारी चर्चमध्ये लुटफिस्कचं जेवण होतं. दरवर्षी असतं. सुकवलेला कॉड मासा खाराच्या पाण्यात भिजवून फुगवतात, मग तो थरथरता होतो, वर वितळलेलं लोणी ओतायचं. वासाबद्दल मी काही बोलणार नाही. पंचक्रोशीतली माणसं रांगा लावतात. स्वयंपाकघर लव्हॉनच्या ताब्यात, सोल्वे लोण्याची किटली घेऊन टेबलांमधून फिरणार, आणि मी वाढायला.

त्या जेवणाला सर्जनबाई आल्या. डॉक्टर रेनाटा स्कार्पेली. न्यू जर्सीच्या. बुटक्या, कुरळ्या केसांच्या, आणि बोलताना हात असे हलवणार की शेजारच्याने आपली कॉफी सांभाळावी. मी त्यांच्यापुढे मासा वाढला. त्यांनी घास घेतला, विचार केला आणि म्हणाल्या, "याला काही चव नाही. पण लोणी मस्त आहे."

टेबलावरच्या आठही माणसांनी आपापल्या ताटात डोळे घातले. खरं तर ते सगळ्यांचंच मत होतं, फक्त आजवर कुणी बोललं नव्हतं.

मी लेफ्साची थाळी पुढे केली. बटाट्याची पातळ पोळी ती, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. "घ्या ना एखादी," मी म्हणाले.

"हो, दोन द्या."

माझ्या हातून थाळी सुटायचीच राहिली. बाईने पहिल्याच वेळी हो म्हटलं, आणि वर दोन मागितल्या. मी मनात म्हटलं, इटालियन माणसं, उपाशी असेल बिचारी.

मग कॉफी घेऊन गेले. "कॉफी?"

"नको."

"अर्धा कप घ्या."

"नको, थँक्यू."

"अहो, घ्या की, ताजी केलीय." मी किटली वाकवलीसुद्धा.

त्यांनी कपावर पंजा ठेवला. चिडल्या नव्हत्या, पण माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "बाई, मी नको म्हटलं ना? हवी असती तर हो म्हटलं असतं. मी कधी खोटं बोलत नाही, कॉफीबद्दल तर नाहीच."

टेबलाच्या मधोमध खजुराच्या वडीची बशी होती. शेवटची एक वडी उरली होती. शेवटची वडी आमच्याकडे कुणी उचलत नाही. पहिल्याने अर्धी कापून घेतली, दुसऱ्याने त्यातली अर्धी, मग तिसऱ्याने त्यातलीही, आणि आता जो तुकडा उरला होता त्याचे आणखी दोन करायला सुरी बारीक हवी होती. डॉक्टरबाईंनी तो उचलला आणि तोंडात टाकला. कुणी श्वास घेतला नाही.

आणि मी किटली हातात धरून तिथेच उभी राहिले, कारण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. या बाईचं हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको. मग समोरच्याचंही ती तसंच धरणार. माझी सून म्हणाली, छे हो, तुम्हाला कशाला त्रास, आणि हिने ते जसंच्या तसं घरी नेलं. आम्ही इकडे ती परत विचारेल म्हणून वाट बघतोय, आणि हिला वाटतंय पोरीने नकार दिला. सगळं मुसळ केरात.

मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. वाढताना बसायची पद्धत नाही, पण बसले.

"डॉक्टर, ते माझ्या सुनेला तुमच्या हाताखाली घ्यायचं म्हणाला होतात..."

"सोल्वेला? तिला नकोय," त्या म्हणाल्या. "विचारलं होतं मी. वाईट वाटलं मला, खरं सांगते. इतके चांगले हात मी नेवार्कच्या मोठ्या इस्पितळातही पाहिले नाहीत. आता फार्गो शहरातली एक मुलगी मागे लागलीय. एकीलाच घेऊ शकते मी. सोमवारी तिला हो कळवणार आहे."

मी उठले, त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना स्वयंपाकघरात नेलं. आयुष्यात मी कुणाचं कोपर धरलं नव्हतं, लग्नात नवऱ्याचं, ड्वेनचं, धरलं तेवढंच.

सोल्वे चुलीपाशी किटलीत लोणी भरत होती. मागे लव्हॉन सिंकमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभी.

"सोल्वे," मी म्हणाले, "डॉक्टरांना सांग तुला काय हवंय ते."

तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "काही नाही हो. म्हणजे... तुम्हाला फार अडचण होणार नसेल तर, आणि दुसरं कुणी नसेलच, म्हणजे कधी वेळ असला तर..."

डॉक्टरबाई माझ्याकडे बघायला लागल्या. "ही काय म्हणतेय?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि मग ताक मिळालं नाही म्हणून आयुष्यभर कोरडी भाकरी खायची, ही आमची रीत. आजवर मला ती सभ्यपणा वाटत आली होती. त्या क्षणी तिचा मला खरोखर राग आला.

"भीड ही भिकेची बहीण आहे, पोरी," मी म्हणाले. "या बाई तीनदा विचारणाऱ्या नाहीत. एकदाच विचारतात. आणि त्यांनी विचारलंय."

सोल्वेने किटली खाली ठेवली. ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. मग तिने मान वर केली, आणि मी तिला कधी तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

"मला तुमच्याकडे शिकायचंय. मला टेबलाशी तुमच्या समोर उभं राहायचंय. ती जागा मला हवी आहे, आणि फार दिवसांपासून हवी आहे."

"मग वसंतात 'नाही' का म्हणालीस?"

"मी नाही म्हटलं नव्हतं. तुम्ही परत विचाराल म्हणून थांबले होते."

डॉक्टरबाईंचे दोन्ही हात हवेत गेले. "किती वेळा विचारायचं असतं इथे?"

"तीन," लव्हॉन सिंकजवळून म्हणाली. मागे वळलीसुद्धा नाही.

"तीन! मग ऑपरेशन चालू असताना मी कात्रीपण तीनदा मागायची का?"

"कात्री मी तुम्ही मागायच्या आधीच देते," सोल्वे म्हणाली.

हे बोलल्यावर ती स्वतःच दचकली. आमच्याकडे माणूस स्वतःबद्दल असं बोलत नाही. पण ते खरं होतं. डॉक्टरबाई हसल्या, मोठ्याने, बाहेरच्या टेबलांपर्यंत ऐकू जाईल असं.

"देतेस खरी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तू हवीस. सोमवारी शाखा कळव, माझं नाव घाल. फार्गोच्या मुलीला अजून मी काही बोललेले नाही, तिला तिथलीच कुणी शोधून देते."

लव्हॉनने एक भांडं जरा जोरात आपटलं. "आणि माझा गुडघा?" ती म्हणाली.

"गुडघ्याला पेगी आहे," मी म्हणाले.

पुढचे हिवाळे कसे गेले ते मला विचारू नका. नोकरी, अभ्यास, इस्पितळातले तास, आणि वर ते टेबलाशी उभं राहण्याचं वेगळं शिक्षण. सोल्वे स्वयंपाकघरातल्या टेबलावर डुकराच्या मांसाच्या तुकड्यावर टाके घालायचा सराव करायची आणि मग तेच मी रात्रीच्या जेवणाला शिजवायची. एरिक म्हणायचा, आई, आज मांसाला शिवण आहे. पोरीने एकदाही कुरकुर केली नाही. मी तिच्या वाटची भांडी घासली, माझ्या पद्धतीने. तीही त्याबद्दल काही बोलली नाही. माझ्या मते तो तिचा सगळ्यात मोठा त्याग.

पदवी मिळाली, परवाना मिळाला, इस्पितळाने तिला डॉक्टरांच्या हाताखाली नेमलं. ड्वेन म्हणाला, "वाईट नाही," आणि ट्रॅक्टरकडे गेला. तिथे तो बराच वेळ नाक शिंकरत होता.

मग आला मार्च, आणि मार्चमध्ये हिमवादळ. भर दुपारी समोरचं धान्याचं कोठार दिसेना. नेमकी त्या दिवशी लव्हॉन पोट धरून आडवी झाली. आतडं कुठेतरी अडकलं होतं. एरवी तिला फार्गोच्या मोठ्या इस्पितळात हलवलं असतं, पण रस्ते बंद, हेलिकॉप्टर उडेना. एरिकने कारखान्याच्या बर्फ ढकलणाऱ्या गाडीमागून तिला आमच्या इस्पितळात पोचवलं, मीही बरोबर गेले. सोल्वेने पोट तपासलं, तिला आत घ्यायची तयारी केली, आणि मग दारापाशी थांबली.

"डॉक्टर, ही माझ्या नवऱ्याची आत्या आहे," ती म्हणाली. "नात्यातल्या माणसाला हात लावू नये म्हणतात."

"दुसरं कुणी आहे का आज इथे?"

"नाही."

"मग नातं दाराबाहेर ठेव. येतेस?"

"येते," सोल्वे म्हणाली. पहिल्याच वेळी.

लव्हॉनने स्ट्रेचरवरून मान वळवली. वेदनेने ओठ पांढरे पडले होते, तरी तिने सोल्वेचा हात पकडला. "टाके नीट घाल," ती म्हणाली. आत नेल्यावर मी बाहेर बसले आणि लव्हॉनसाठी प्रार्थना केली. आयुष्यभर जिच्याशी भांडले, तिच्यावाचून मी कुणाशी भांडणार, एवढंच मनात येत होतं.

सोल्वे बाहेर आली तेव्हा कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "आतड्याचा थोडा भाग काढावा लागला," ती म्हणाली. "पण त्या बऱ्या होतील, आर्लिस. बाहेरचे टाके डॉक्टरांनी मला घालू दिले."

मी तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

चार दिवसांनी मलमपट्टी बदलायची होती. लव्हॉनने चष्मा मागितला. मग आरसा मागितला. पोटावरची ती रेघ तिने वरपासून खालपर्यंत बघितली, परत खालून वर बघितली, गोधडी तपासते तशी. सोल्वे खाटेशी उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं, परीक्षेच्या निकालाची तिने इतकी धास्ती घेतली नसेल.

"हं," लव्हॉन म्हणाली. "उसवायला नको."

नॉर्डबीतल्या कुणाही बाईने तिच्याकडून याहून मोठं शिफारसपत्र मिळवलेलं नाही.

त्या ऑक्टोबरात पुन्हा लुटफिस्कचं जेवण झालं. गुडघ्यामुळे लव्हॉनला उभं राहायची बंदी होती, म्हणून ती टेबलाशी बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. गर्दी पांगल्यावर मी तिच्या समोर बसले. डॉक्टरबाई आणि सोल्वे पलीकडे हातवारे करत काहीतरी बोलत होत्या. हो, दोघीही. माझी सून आता हात हलवत बोलते.

लव्हॉनने तिकडे पाहिलं, घसा खाकरला. मला वाटलं, आता ही हवामानावर येणार.

"तुला सुनेचा जरासा अभिमान वाटत असेल नाही?" ती म्हणाली.

अशा वेळी काय म्हणायचं ते मला पाळण्यात शिकवलं होतं. वाईट नाही म्हणायचं. बरी आहे पोरगी म्हणायचं. मग समोरच्याने पुन्हा विचारायचं, आणि तेव्हाही खांदे उडवायचे.

"हो," मी म्हणाले. "वाटतो. खूप वाटतो, लव्हॉन."

शेजारच्या टेबलावरचे काटे थांबले. लव्हॉन माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मधली बशी माझ्यापुढे सरकवली. बशीत खजुराची शेवटची वडी होती, अख्खी, अजून कुणी न कापलेली.

"घे मग," ती म्हणाली.

मी घेतली.